डेव्हिड ससून

डेव्हिड ससून (ऑक्टोबर, १७९२ : बगदाद – ७ नोव्हेंबर, १८६४ : पुणे) हे मुंबईतील बगदादी यहुदी व्यापारी, दानशूर आणि एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतात स्थायिक झालेल्या बगदादी यहुदी समाजाचे पुढारी होते. पुण्यातील ससून रुग्णालय, मुंबईतील डेव्हिड ससून ग्रंथालय आणि भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग या संस्था त्यांच्या देणग्यांतून उभ्या राहिल्या. पुणे लष्कर भागातील ओहेल डेव्हिड सिनेगॉगची, म्हणजेच पुणेकरांच्या लाल देवळाची, पायाभरणी त्यांनी केली. त्याच्याच आवारात त्यांची समाधी आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांना आपले शहर आणि तेथील प्रार्थनालये कायमची सोडावी लागली. पुढे त्यांनी बांधलेल्या वास्तू या स्थलांतराच्या संदर्भात पाहिल्या तरच त्यांचा अर्थ नीट लागतो.

घराणे व बालपण

डेव्हिड यांचे वडील ससून बिन सालेह (१७५०–१८३०) हे बगदादच्या पाशांचे मुख्य खजिनदार होते आणि शहरातील यहुदी समाजाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे होते. हिब्रू भाषेत ससून या शब्दाचा अर्थ आनंद असा होतो. वडिलांचे हे व्यक्तिनाम भारतात आल्यावर घराण्याचे आडनाव झाले. डेव्हिड यांना हिब्रू, अरबी, तुर्की आणि फार्सी या भाषा येत असत. मुंबईत आल्यावर ते हिंदुस्थानीही बोलू लागले. इंग्रजी मात्र त्यांनी कधी आत्मसात केली नाही.

ज्या समाजात ते वाढले तो स्वतःचा इतिहास बॅबिलोनच्या बंदिवासापासून मोजत असे. इ.स.पू. ५८६ मध्ये बॅबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि तेथील यहुद्यांना तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यात नेले. त्यांतील बरेचसे नंतर परतलेच नाहीत. बगदादच्या महासिनेगॉगविषयी अशी परंपरा होती की, त्याच्या बांधकामात बंदिवानांनी जेरुसलेमहून बरोबर आणलेली माती व दगड वापरले होते. ही परंपरा ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध करता येत नाही. पण नष्ट झालेल्या एका पूजास्थानाचा अंश दुसऱ्याच्या पायात घालावा ही कल्पना त्या समाजाच्या मनाचा ठाव सांगते. बाराव्या शतकात स्पेनमधील तुदेला येथून आलेला प्रवासी बेंजामिन याने बगदादमध्ये २८ सिनेगॉग असल्याची नोंद केली आहे. बंदिवासातील यहुद्यांच्या प्रमुखाच्या सिनेगॉगचे त्याने केलेले वर्णन विस्तृत आहे. त्यात रंगीबेरंगी संगमरवरी खांब, त्यांवर सोन्यारुप्याचा मुलामा आणि सुवर्णाक्षरांत कोरलेली स्तोत्रे यांचा उल्लेख येतो. डेव्हिड यांच्या जन्मापूर्वीच ते वैभव लयाला गेले होते.

यहुदी धर्मात पूजेसाठी मूर्ती वा प्रतिमा घडविणे निषिद्ध आहे. त्यामुळे पडलेल्या मंदिराची आठवण या परंपरेने अक्षरे, दिवे, दिशा आणि रिकामी जागा यांतून जपली. प्रत्येक सिनेगॉगचे तोंड जेरुसलेमकडे असते. तोराच्या गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवतात त्याला बगदादी यहुदी हेखाल म्हणतात. हा मूळचा जेरुसलेमच्या मंदिरातील दालनासाठीचा शब्द. घर बांधताना दारासमोरच्या भिंतीचा हातभर चौकोन गिलाव्याविना सोडावा असाही संकेत आहे. घर कितीही सुंदर बांधले तरी तेवढा तुकडा उघडा ठेवायचा, म्हणजे मंदिराचा विध्वंस रोज डोळ्यांसमोर राहतो.

बगदादहून मुंबईस

१८१७ मध्ये दाऊद पाशा बगदादच्या गादीवर आला आणि ससून घराण्याचे दिवस फिरले. वडिलांचे खजिनदारपद गेले. सधन यहुद्यांकडून पैसा उकळणे व न दिल्यास कैद करणे हे पाशाच्या कारभाराचे अंग बनले. १८२० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड यांच्यावरही संकट आले. ते प्रथम बसरा येथे आणि तेथून इराणच्या आखातावरील बुशहर बंदरात निसटले. कमरेच्या पट्ट्यात नाणी आणि अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून ते रात्री होडीतून गेले, अशी हकिकत कुटुंबात सांगितली जाई. वृद्ध वडीलही मागोमाग बुशहरला पोहोचले आणि १८३० मध्ये तेथेच मरण पावले.

बुशहर येथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती आणि मुंबईशी जहाजांची नियमित ये-जा होती. १८३२ मध्ये (काही ठिकाणी १८३३ असेही आढळते) डेव्हिड सहकुटुंब मुंबईस आले. पहिली पत्नी हॅना हिचे १८२६ मध्ये निधन झाले होते. तिच्यापासून त्यांना अब्दुल्ला (पुढे सर अल्बर्ट) व इलियास हे दोन मुलगे व दोन मुली होत्या. दुसरी पत्नी फर्हा हिच्यापासून पुढे सहा मुलगे व तीन मुली झाल्या. हे आठ मुलगे हेच त्यांच्या व्यापाराचे खरे भांडवल ठरले.

व्यापार

मुंबईत त्यांनी टॅमरिंड लेनमध्ये पेढी थाटली. सुरुवातीस इंग्लंडचे कापड इराण व इराककडे पाठवायचे आणि तिकडचा माल येथे विकायचा असा व्यवहार होता. १८३३ च्या सनदेने चीनच्या व्यापारावरील कंपनीची मक्तेदारी संपली. १८४२ च्या नानकिंग तहानंतर चिनी बंदरे खुली झाली. १८४४ मध्ये डेव्हिड यांनी इलियास यास चीनला धाडले आणि लवकरच शांघायमध्ये पेढीची शाखा निघाली. १८५८ मध्ये सासून डेव्हिड हा मुलगा लंडनला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले, त्याचाही पेढीला मोठा लाभ झाला.

पेढीचे उत्पन्न कापूस व कापडाइतकेच माळव्याच्या अफूवरही अवलंबून होते. चीनमध्ये या व्यापाराने केलेली हानी सर्वज्ञात आहे. ससून यांच्या दानाची थोरवी सांगणाऱ्या जुन्या चरित्रांत या बाजूकडे बहुधा काणाडोळा केलेला दिसतो. ते योग्य नाही, कारण रुग्णालये, शाळा आणि प्रार्थनालये ज्या पैशांतून उभी राहिली त्यात हा पैसाही होता. त्या काळी मुंबईतील अनेक मान्यवर पारशी, हिंदू व मुसलमान पेढ्या याच व्यापारात होत्या, हेही नोंदवले पाहिजे.

बगदाद, बसरा आणि हलब येथून येणाऱ्या तरुण यहुद्यांना पेढीत नोकरी मिळे. त्यांच्या मुलांचे शिक्षण, आजारपण आणि अखेर दफनाची जागा यांचीही तजवीज पेढी करी. शनिवारी व्यवहार बंद असत. १८५३ मध्ये डेव्हिड यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. त्या कागदावर त्यांनी हिब्रू अक्षरांत सही केली. १८५७ च्या उठावाच्या वेळी त्यांनी आपल्या समाजाच्या वतीने सरकारला निष्ठा कळविली.

मुंबईतील यहुदी समाज आणि मागेन डेव्हिड

ससून मुंबईस आले तेव्हा येथे यहुदी समाज नव्याने निर्माण करायचा नव्हता. कोकणातून आलेले मराठीभाषक बेने इस्रायल, ज्यांना कुलाबा जिल्ह्यात शनवार तेली म्हणत, मुंबईत बऱ्याच वर्षांपासून स्थिरावले होते. त्यांचे शाआर हारहामीम हे सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल (सामाजी हसाजी) दिवेकर यांनी बांधले होते. सिनेगॉगला हे लोक मशीद म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे मानले जाते. बगदादी मंडळी सुरुवातीला याच सिनेगॉगचा आश्रय घेत. तथापि दोन्ही समाजांत अंतर राहिले. १८३६ मध्ये ससून व इतर बगदादी यहुद्यांनी दफनभूमीत आपल्यासाठी विभाजक भिंत मागितली होती. ज्यांच्या छत्राखाली पहिली प्रार्थना केली त्यांच्याच शेजारी पुरले जाण्यास नकार देण्याचा हा प्रकार बेने इस्रायलांना लागला आणि पुढील शंभर वर्षे त्याचे पडसाद उमटत राहिले.

१८६१ मध्ये भायखळ्यास डेव्हिड यांनी मागेन डेव्हिड सिनेगॉग बांधले. या नावाचा अर्थ डेव्हिडची ढाल असा आहे. उंच खांबांची देवडी आणि वर मनोरा असलेली ही वास्तू अभिजात युरोपीय धाटणीची आहे. शेजारी मुलांसाठी शाळा निघाली. भायखळा हाच तेव्हा सधन बगदादी कुटुंबांचा वस्तीचा भाग होता; ससून यांचा सान सुसी हा वाडाही तेथेच होता. त्या जागी १९०२ पासून मसीना रुग्णालय आहे.

पुण्यातील वास्तव्य

पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यास असे आणि सरकारच्या मागोमाग मुंबईचे धनिकही घाट चढून येत. १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे सुरू झाली होती. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग पुरा झाला आणि मुंबई-पुणे प्रवास सलग गाडीने होऊ लागला. ससून कुटुंबाने पुण्यात गार्डन रीच हा बंगला बांधला. उतारवयात डेव्हिड यांचा मुक्काम वरचेवर येथे पडू लागला.

पुण्यातील त्यांच्या देणग्यांत रुग्णालयाची देणगी सर्वांत मोठी होती. ऑक्टोबर १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते ससून रुग्णालयाची कोनशिला बसविण्यात आली आणि १८६७ मध्ये इमारत पूर्ण झाली. बांधकामखर्चाचा मोठा भाग डेव्हिड यांनी दिला होता. सर्व जातिधर्मांच्या रुग्णांना उपचार मिळावेत हा या रुग्णालयाचा हेतू होता. आज ते बैरामजी जीजीभाई वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून गोरगरिबांचे दवाखान्याचे ठिकाण म्हणून पुणे जिल्ह्याबाहेरही ओळखले जाते. ससूनला नेले असे म्हटले की कोठे नेले हे सांगावे लागत नाही. पण ससून हा माणूस होता हे बोलणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. निराधार व अपंगांसाठीचे डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह (निवारा) हीही याच काळातील पुण्यातील संस्था.

लाल देऊळ

पुणे लष्करात सरकारी व पलटणीच्या कामानिमित्त बेने इस्रायल कुटुंबे होती. पावसाळ्यात मुंबईहून येणारी बगदादी कुटुंबेही होती. पण सिनेगॉग नव्हते. १८६३ मध्ये डेव्हिड यांनी त्याचा पाया घातला. रचनाकार होते बॉम्बे इंजिनिअर्समधील अधिकारी हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स. ससून रुग्णालय आणि मुंबईचे जुने सचिवालय ही कामेही त्यांचीच. बांधकाम चालू असतानाच डेव्हिड वारले. सप्टेंबर १८६७ मध्ये वास्तू पूर्ण होऊन प्रार्थनेसाठी उघडली.

लाल विटा आणि काळा दगड यांत बांधलेली ही इमारत इंग्रजी गॉथिक पद्धतीची आहे. तिचा मनोरा सुमारे ९० फूट उंच असून त्यावर घड्याळ आहे. निमुळत्या कमानी, रंगीत काचा आणि असा मनोरा पाहून अनोळखी माणसास हे चर्चच वाटते. लष्करातील लोकांनी मात्र विटांचा रंग पाहून त्यास लाल देऊळ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. मुंबईच्या बेने इस्रायलांनी सिनेगॉगला मशीद म्हटले, पुणेकरांनी देऊळ म्हटले. यहुद्यांच्या प्रार्थनालयासाठी मराठीत निराळा शब्द नव्हता, म्हणून ज्याने त्याने जवळचा शब्द वापरला.

बाहेरून इंग्रजी वाटणारी ही वास्तू आतून बगदादच्या रीतीची आहे. मध्यभागी वाचनाचा उंच मंच, पश्चिमेकडे हेखाल आणि वर स्त्रियांसाठी सज्जा अशी मांडणी आहे. बगदादी यहुदी तोराची गुंडाळी कापडी आच्छादनात न ठेवता तिक नावाच्या उभ्या, कठीण डब्यात ठेवतात. लाकडावर चांदीचा पत्रा चढविलेल्या या डब्याच्या माथ्यावर डाळिंबाच्या आकाराची शिखरे बसवितात. डबा उभा ठेवूनच वाचन होते. एखाद्या मृत नातलगाच्या स्मरणार्थ तिक अर्पण करण्याची आणि त्यावर त्याचे नाव हिब्रूत कोरून घेण्याची प्रथा आहे. तेलाचे दिवेही असेच कोणाच्या ना कोणाच्या नावाने लागतात. माणसाचे चित्र नाही, चेहरा नाही; चांदीवर खोदलेले नाव आणि एक ज्योत एवढीच खूण असते.

ओहेल डेव्हिड या नावाचा सरळ अर्थ डेव्हिडचा तंबू असा होतो. वाळवंटातील भटकंतीत यहुद्यांचे पहिले पूजास्थान तंबूतच होते. तो उकलून पुढच्या मुक्कामी नेता येत असे. बगदाद, बसरा, बुशहर, मुंबई आणि पुणे असे मुक्काम केलेल्या माणसाच्या वास्तूला हे नाव शोभून दिसते. ओहेल या शब्दाला दुसराही अर्थ आहे. मान्यवर व्यक्तीच्या थडग्यावर बांधलेल्या छत्रीवजा वास्तूलाही ओहेलच म्हणतात. पायाभरणीच्या वेळी हा दुसरा अर्थ कोणाच्या मनात होता की नाही हे सांगता येत नाही. वर्षभरातच तो खरा झाला.

निधन व समाधी

७ नोव्हेंबर १८६४ रोजी डेव्हिड ससून यांचे पुण्यात निधन झाले. सिनेगॉगच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले आणि त्यावर स्वतंत्र समाधी बांधण्यात आली. यहुदी रीतीप्रमाणे दफनभूमी वस्तीपासून व प्रार्थनालयापासून दूर असते. पुरोहित वंशातील पुरुषांना तर थडग्याजवळ जाण्याचीच मनाई असते. हे ध्यानात घेतले असता सिनेगॉगच्या आवारातील ही समाधी अपवादात्मक ठरते. गॉथिक धाटणीच्या या लहानशा वास्तूत कोरीव शवपेटी असून तिच्यावर हिब्रू अक्षरांत लेख आहे. ज्या बगदादमध्ये त्यांचे पूर्वज पुरले गेले तेथे परत जाणे डेव्हिड यांना हयातीत जमले नाही.

पेढीची सूत्रे अब्दुल्ला यांच्याकडे गेली. १८६७ मध्ये इलियास यांनी वेगळी पेढी काढली आणि दोन भावांची स्पर्धा सुरू झाली. अब्दुल्ला यांनी १८७५ मध्ये कुलाब्यास ससून गोदी बांधली आणि पुढे ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. इंग्रज कवी सिगफ्रीड ससून हे डेव्हिड यांचे पणतू होत.

छायाचित्र व पुतळा

डेव्हिड यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात ते पागोटे व पायघोळ झगा घालून बसले आहेत आणि तीन मुलगे बरोबर आहेत. दोघांचा पेहराव बापासारखा अरबी आहे. लंडनला जाणारा सासून डेव्हिड मात्र युरोपीय पोशाखात उभा आहे. घराण्याचा पुढचा सगळा प्रवास त्या एका चित्रात दिसतो.

मुंबईतील डेव्हिड ससून ग्रंथालयाचे मूळ १८४७ साली टाकसाळ व सरकारी गोदीतील तरुण कारागिरांनी काढलेल्या संस्थेत आहे. डेव्हिड यांच्या देणगीतून तिची इमारत उभी राहिली आणि १८७० मध्ये पुरी झाली. तेथे इंग्रज शिल्पकार थॉमस वूल्नर याने घडविलेला त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. पुतळ्यातही पागोटे व झगाच आहे. धर्मनिष्ठ यहुद्याचा पूर्णाकृती पुतळा ही तशी अडचणीची गोष्ट. तो ग्रंथालयात उभा राहिला, प्रार्थनालयात नाही, यात दोन्ही बाजूंची सोय झाली.

स्मारक-सिनेगॉगांची परंपरा

मृत आप्ताच्या नावे सिनेगॉग बांधण्याची रीत ससून घराण्याने दूरवर नेली. इलियास यांच्या स्मरणार्थ त्यांचे चिरंजीव जेकब व भावंडांनी १८८४ मध्ये मुंबईच्या फोर्टमध्ये केनेसेथ एलियाहू बांधले. जेकब यांनीच आई लीआ हिच्या नावे हाँगकाँगमध्ये ओहेल लीआ आणि पत्नी राहेल हिच्या नावे शांघायमध्ये ओहेल राहेल उभारले. ससून पेढीत उमेदवारी केलेले सायलस हार्दून यांनी वडिलांच्या स्मृत्यर्थ १९२७ मध्ये शांघायमध्ये बेथ अहरोन बांधले. ते १९८५ मध्ये पाडण्यात आले. ओहेल राहेल उभे आहे, पण तेथील यहुदी समाज दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत पांगला. हाँगकाँगचे ओहेल लीआ मात्र वापरात आहे.

या परंपरेचे निराळे रूप डेव्हिड यांचे नातू डेव्हिड सॉलोमन ससून (१८८०–१९४२) यांच्या कामात दिसते. त्यांचा जन्म मुंबईचा. आई फ्लोरा ससून या स्वतः हिब्रूच्या व्यासंगी होत्या आणि पतीच्या निधनानंतर त्यांनी मुंबईची पेढी काही वर्षे चालविली होती. डेव्हिड सॉलोमन यांनी हिब्रू हस्तलिखितांचा जगातील एक मोठा खासगी संग्रह जमविला. १९३२ मध्ये त्याची दोन खंडांची सूची प्रसिद्ध झाली, तिला त्यांनी नाव दिले ओहेल डेव्हिड. पुण्यातील सिनेगॉगचे आणि आजोबांच्या समाधीचे नाव अशा रीतीने एका ग्रंथसूचीला मिळाले.

संग्रहातील कित्येक ग्रंथ हरवलेल्या वा संकटात सापडलेल्या प्रार्थनालयांचे अवशेषच आहेत. दमास्कसच्या सिनेगॉगमध्ये जपलेली दहाव्या शतकातील तोराची प्रत त्यांनी १९१५ मध्ये मिळविली. आता ती जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. एलिशा बेन अब्राहाम क्रेस्कास याने १३६६ ते १३८२ या काळात सिद्ध केलेले फर्ही बायबल हा संग्रहातील सर्वांत देखणा ग्रंथ. त्याच्या आरंभी गालिच्यासारख्या नक्षीची सोनेरी पाने आहेत आणि जेरुसलेमच्या मंदिरातील पूजापात्रांची चित्रे आहेत. मंदिर पडून तेव्हा तेराशे वर्षे लोटली होती. चित्रकाराने ती पात्रे पाहिली नव्हती; त्याने ग्रंथांतील मापांवरून ती काढली.

१९२९ मध्ये विकत घेतलेले आणि सूचीत १०५३ क्रमांक असलेले हस्तलिखित आज कोडेक्स ससून या नावाने ओळखले जाते. इ.स. ९०० च्या सुमाराचे हे हिब्रू बायबल तेराव्या शतकात सीरियातील माकिसीन गावच्या सिनेगॉगला अर्पण केलेले होते. पुढे ते गाव उद्ध्वस्त झाले. हस्तलिखितातील नोंदीप्रमाणे ग्रंथ सलामा बिन अबी अल-फख्र नावाच्या गृहस्थाकडे सांभाळण्यास देण्यात आला. सिनेगॉग पुन्हा बांधले की तो परत करायचा, अशी अट होती. सिनेगॉग पुन्हा बांधले गेले नाही. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या ग्रंथाला ३.८१ कोटी डॉलर किंमत आली आणि तो तेल अवीवच्या आनू संग्रहालयास देण्यात आला.

बगदादमधील समाजाचा अंत

डेव्हिड सॉलोमन यांनी बगदादच्या यहुद्यांचा इतिहासही लिहिला. तो त्यांच्या निधनानंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांत तो समाज जवळजवळ संपला. १ व २ जून १९४१ रोजी बगदादमध्ये यहुद्यांविरुद्ध भीषण दंगल झाली होती. ती फरहूद या नावाने ओळखली जाते. १९५०–५१ मध्ये इराकमधून सुमारे १ लाख २० हजार यहुदी विमानांनी इस्रायलला गेले. त्यांची बहुतेक सिनेगॉग बंद पडली वा दुसऱ्या वापरात गेली. बगदादी प्रार्थनेची पद्धत, तिक आणि हेखाल हे शब्द आणि त्यांच्यासोबतच्या वस्तू ज्या मोजक्या ठिकाणी मूळ मांडणीत पाहता येतात, त्यांत पुण्याचे लाल देऊळ आणि मुंबईची दोन सिनेगॉग आहेत. डेव्हिड यांनी बगदाद सोडले तेव्हा ही वास्तू त्या शहराची आठवण होती. आता मूळ समाजच तेथे उरलेला नाही.

कोचीच्या यहुद्यांच्या बाबतीत वेगळे घडले. मट्टनचेरी येथील सोळाव्या शतकातील कडवुंभागम सिनेगॉगचे कोरीव लाकूडकाम सोडवून जेरुसलेमला नेण्यात आले आणि तेथील इस्रायल संग्रहालयात ते पुन्हा जोडून मांडले आहे. छत, मंच, कपाट सारे पाहता येते. प्रार्थनेसाठी जमणारे लोक तेथे नाहीत.

सद्यस्थिती

स्वातंत्र्यानंतर भारतातील बगदादी कुटुंबे बहुतांशी इंग्लंड, इस्रायल व ऑस्ट्रेलियाकडे गेली. ससून घराण्यातील कोणी पुण्यात उरले नाही. मराठीभाषक बेने इस्रायलांचे पुण्यातील स्वतःचे सिनेगॉग, सुक्कथ शेलोमो, रास्ता पेठेत १९२१ पासून आहे. याच समाजाच्या हौशीतून १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा शिळाछापावर निघाला होता. त्यातील चित्रांत वल्हांडणाच्या सणासाठी बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. ज्या बेने इस्रायलांशी बगदादी मंडळींनी एकेकाळी दफनभूमीतही अंतर राखले, तेच आज प्रामुख्याने ओहेल डेव्हिडची देखभाल करतात. प्रार्थना चालविण्यासाठी १३ वर्षांवरील १० पुरुष जमावे लागतात. समाज लहान असल्याने ती संख्या भरणे दर वेळी सोपे नसते.

लाल देऊळ मोलेदिना रस्त्यालगत आहे. २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊसवर दहशतवादी हल्ला झाल्यापासून तेथे पोलीस बंदोबस्त असतो आणि आत जाण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. मनोरा रस्त्यावरूनही दिसतो. डेव्हिड ससून यांची समाधी त्याच आवारात आहे.